पावसाकडच्या भिंतीला इंटरलॉकिंग क्लॅडिंग: थेट भिंतीवर ठोकायचं की मागे पोकळी ठेवायची?

डोंबिवलीचा देवरुखकर

नमस्कार मंडळी. गावचं घर देवरुखला. खालचा मजला जांभ्याचा, चिरे बाहेरून उघडेच ठेवलेले. २००९ साली वरचा मजला चढवला, तो विटांचा, बाहेरून सिमेंटचा गिलावा. वर कौलं. त्रास एकाच भिंतीचा, नैऋत्येकडच्या. लांबी २८ फूट, उंची जोत्यापासून वरपर्यंत २० फूट, खाली दोन खिडक्या, वर दोन. त्या अंगाला पाखं जेमतेम दीड फूट पुढे आलंय, कारण लगेच शेजाऱ्यांचा गडगा आहे.

जूनच्या अखेरीस जी झड सुरू होते ती थेट गणपतीपर्यंत. आतून पोपडे, कपाटामागे काळी बुरशी, भिंतीतल्या स्विचबोर्डाला हात लावायची भीती. वडील होते तोवर दर मे महिन्यात या भिंतीला माडाचे झाप बांधले जायचे. आता झाप विणणारं माणूस मिळत नाही, म्हणून निळी ताडपत्री. ती आषाढातच फाटते आणि रात्रभर फडफडते, आईला झोप नाही. वॉटरप्रूफ म्हणवणारा रंगही लावून झाला.

आता कायमचं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीला बाहेरून आवरण, करायचं ठरवलंय. तीन जण येऊन भिंत बघून गेले:

पहिला म्हणतो यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) इंटरलॉकिंग, म्हणजे एकमेकींत अडकणाऱ्या पट्ट्या, ८ मिमी जाडीच्या, आतून पोकळ. थेट गिलाव्यावर स्क्रू आणि सिलिकॉन. "दादा, लॉक आहे, थेंब आत जाणार नाय. मागे फट ठेवलीत तर उंदीर शिरतील."

दुसरा म्हणतो बॉक्स पाईपची चौकट उभी करून त्यावर रंगीत पत्रा.

तिसरा म्हणतो फायबर सिमेंटच्या फळ्या, दिसायला लाकडासारख्या.

दरात दुपटीहून जास्त फरक आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. लॉक असलेली पट्टी खरोखर पाणी अडवते का, आणि मागे फट हवी की नको, हा मुख्य प्रश्न.

सरळमार्गी

एवढा खटाटोप कशाला? भेगा भरून चांगल्या कंपनीचा इलॅस्टोमेरिक (रबरासारखा ताणणारा) रंग दोन हात मारा. आमच्या ठाण्याच्या सोसायटीने तेच केलं, मस्त चाललंय. क्लॅडिंग म्हणजे दुकानदारांची फॅशन.

चौकट-बिजागरी

चिपळूण ते राजापूर पट्ट्यात फॅब्रिकेशनची कामं घेतो. शेड, पन्हाळी, जाळ्या, आणि अलीकडे भिंतींचं क्लॅडिंग. त्यामुळे माझं मत धंदेवाइकाचं आहे हे आधीच धरून चाला.

सरळमार्गी, ठाण्याच्या सोसायटीचं मला माहीत नाही, पण धागाकर्त्यांची भिंत पावसाचा मार समोरून खाते आणि तिला पाख्याचा आडोसा नाही. रबरी रंग भेगेवरून ताणला जातो, हे खरं. पण भिंत आतून ओली असताना त्यावर तो चढवला की मागची वाफ त्याला ढकलते, फुगे येतात, आणि एकदा फुटलेल्या फुग्यातून शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट उरत नाही. पूर्ण कोरड्या भिंतीवर लावला तर काही वर्षं काढेल. आमच्याकडे भिंत पूर्ण कोरडी होते ती फेब्रुवारीत, आणि रंगारी बोलावले जातात दिवाळीच्या आधी.

आता मुख्य प्रश्न. लॉकमधून पाणी जातं. कुठल्याही कंपनीच्या, कुठल्याही मालाच्या लॉकमधून जातं, कमी-जास्त इतकंच. कारण नुसता पाऊस नाही, वारा. झोत येतो तेव्हा पट्टीच्या बाहेरच्या अंगाला दाब वाढतो, आत तेवढा नसतो, आणि सांध्यावर जमलेली पाण्याची पातळ फिल्म त्या फरकाने आत ओढली जाते. सांधा फार घट्ट असेल तर केशाकर्षणाने वरही चढते. पट्टीच्या मागे खालून उघडी पोकळी ठेवली तर झोताबरोबर पोकळीतला दाबही वाढतो, ओढ कमी होते. तरी जे चुकार थेंब आत येतात ते पट्टीच्या पाठीवरून ओघळून खाली गळतात, आणि मधल्या हवेने बाकीची ओल वाळते. तुमच्या वडिलांचे झाप बांबूच्या ताट्यावर, भिंतीपासून सुटे आणि खालून वर एकावर एक चढवत बांधलेले असणार. काम तेच.

थेट गिलाव्यावर पट्टी चिकटवली तर आत आलेलं पाणी पट्टी आणि गिलावा यांच्यामध्ये कोंडतं. वर सिलिकॉनने सगळ्या कडा बंद केल्या असतील तर संपलंच. मागच्या मोसमात एका बंगल्यावर बघायला बोलावलं होतं, काम दुसऱ्याचं. बाहेरून भिंत चकाचक. सगळ्यात खाली पट्ट्यांचं तोंड झाकायला यू-पट्टी लावली होती, तिचं एक टोक स्क्रूड्रायव्हरने उचकटलं, तर चहाच्या रंगाचं पाणी धार लागून आलं आणि पाठोपाठ मुंग्यांची पांढरी अंडी. पाऊस थांबून आठवडा झाला होता. वर नीट बघितलं तर पट्ट्या उलट्या बसवलेल्या. जीभ कायम वरच्या कडेला हवी आणि खाच खालच्या कडेला, म्हणजे वरची पट्टी खालचीवर टोपीसारखी बसते. तिथे खाच वर केलेली, म्हणजे प्रत्येक सांध्याची पन्हाळ झालेली. समोरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून मालकाला कळायला मार्ग नाही. काम चालू असताना पहिली पट्टी स्वतः बघा.

आता तुमचे तीन पर्याय.

८ मिमीची पोकळ पट्टी हा माल बहुतेक वेळा घराच्या आतल्या भिंतींसाठी आणि छतासाठी बनवलेला असतो. बाहेर उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो, नारळ सोडा, आंब्याची डहाळी पडली तरी भोक. बाहेरच्या वापराचं यूपीव्हीसी वेगळं असतं, त्यात ऊन सोसायचं रसायन असतं, दरही वेगळा. ते घेतलंत तरी प्रसरण विसरू नका. ३ मीटरच्या पट्टीला ३० अंशांचा फरक पडला तर ती साधारण ६ मिमी वाढते. स्टीलचा पत्रा तेवढ्यात १ मिमीच्या आसपास. म्हणून पट्टीला लांबट भोकं दिलेली असतात, स्क्रू त्यांच्या मध्यावर मारायचा आणि आवळायचा नाही, पट्टी हाताने सरकली पाहिजे. आपले पोरगे ड्रिल मशीनने करकचून आवळतात, मग एप्रिलमध्ये भिंतीला पोटं सुटतात. गडद रंग तर घेऊच नका.

फायबर सिमेंटच्या फळ्या मला मनापासून आवडतात. ऊन-पाऊस सोसतात, जळत नाहीत, वाळवी लागत नाही. घेताना आयएस १४८६२ चा शिक्का बघा आणि त्यातही टाईप ए मागा. टाईप बी आतल्या कामासाठी असतो, आणि तोच स्वस्तात गळ्यात मारतात. अडचण अशी की कापलेल्या प्रत्येक कडेला जागच्या जागी रंग किंवा सीलर लागतो, नाहीतर कड पाणी पिते. कारागीर परांचीवर उभा राहून ब्रश हातात घेईल याची खात्री असेल तर जरूर करा. कापताना सिलिकाची धूळ उडते, तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, बरा मास्क द्या.

पत्रा हा तुमच्या भिंतीला सगळ्यात सरळ उपाय. गॅल्व्हॅल्यूम म्हणतात तो घ्या, त्यावरच्या लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असतं. लेपाचं वजन एझेड १५० मागा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. जाडीत फसवाफसवी चालते. ०.५० मिमी सांगतात त्यात लेप आणि रंग धरलेला असतो, म्हणून बिलावर "बेस मेटल", म्हणजे नुसत्या पोलादाची जाडी, किती ते लिहून घ्या. देवरुख समुद्रापासून बरंच आत आहे, तुम्हाला सिलिकॉन पॉलिएस्टर रंग चालेल. हर्णै किंवा मालवणच्या किनाऱ्यावर असतात तर त्याहून टिकाऊ पीव्हीडीएफ रंग घ्या म्हटलं असतं. आणि एक गोष्ट आमचे गवंडी ऐकत नाहीत: ओलं सिमेंट या पत्र्याला लागू द्यायचं नाही. सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियम खातो. गिलाव्याची डागडुजी आधी, ती पुरती वाळल्यावर पत्रा.

पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो, आणि उडालेला लोखंडी किस पत्र्यावर चिकटून एका रात्रीत तांबडे ठिपके पडतात. मग मालक म्हणतो नवा पत्रा गंजला. कात्रीने किंवा निबलरने कापायचा, आणि भोकं पाडून झाल्यावर मऊ ब्रशने किस झाडायचा.

तुम्ही एक सांगा. ओल खालच्या मजल्यावर पण आहे की फक्त वर? खाली असेल तर जमिनीपासून किती उंच? त्यावर बरंच अवलंबून आहे.

ऑकलंडवाली

चौकट-बिजागरी यांना +१. मी न्यूझीलंडमध्ये राहते, इथे हा विषय निघाला की लोक अजून हळहळतात. १९९० च्या दशकात इथे लाकडी सांगाड्यावर थेट गिलाव्यासारखं सलग क्लॅडिंग ठोकायची टूम निघाली. मागे पोकळी नाही, पाखं आखूड किंवा नाहीच, आणि त्याच काळात सांगाड्याला प्रक्रिया न केलेलं लाकूड वापरायला परवानगी मिळाली. पाणी आत शिरलं, बाहेर पडायला वाट नव्हती, हजारो घरांचे सांगाडे आतून कुजले. "लीकी होम्स" म्हणून तो काळ ओळखला जातो. २००४ च्या सुमारास नियम बदलले, आणि आता बऱ्याच प्रकारच्या क्लॅडिंगमागे २० मिमीची, खालून पाणी निघून जाणारी पोकळी ठेवावी लागते.

तुमच्या विटा-चिऱ्याच्या भिंती लाकडासारख्या कुजणार नाहीत, एवढा दिलासा. पण बुरशी आणि दमा भिंत कशाची आहे ते बघत नाहीत.

डोंबिवलीचा देवरुखकर

किती मोलाची माहिती! आईला फोन करून विचारलं. खालच्या मजल्यावर फक्त उजवीकडच्या खिडकीखाली ओल येते, बाकी चिऱ्याची भिंत आतून कोरडी. जमिनीलगत काही नाही. वर मात्र सगळी भिंत, आणि सर्वात जास्त स्लॅबच्या रेषेवर.

आणखी शंका: उंदरांचं काय? पत्र्यावर पावसाचा आवाज किती येईल? आणि चिऱ्यात स्क्रू धरत नाहीत असं सुतार म्हणतो.

चौकट-बिजागरी

मग तुमचे निम्मे पैसे वाचले. खालच्या चिऱ्याला हात लावू नका. एवढी जाड भिंत आतून कोरडी राहतेय तर तिला झाकून काय मिळणार? त्या एका खिडकीचा उंबरठा बघा. बहुधा त्याचा उतार आत असेल किंवा खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच नसेल. पाणी उंबरठ्याच्या पोटावरून उलटं चालत भिंतीत जातं. बाहेर उतार द्या, दगड भिंतीपुढे दीड-दोन इंच काढा, खालून खाच मारा. गवंड्याचं एका दिवसाचं काम.

क्लॅडिंग फक्त वरच्या मजल्याला. खाली संपतं तिथे, स्लॅबच्या रेषेच्या जरा खाली, फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर टाकणारी पत्र्याची वाकवलेली पट्टी घ्या, जी चिऱ्याच्या तोंडापेक्षा दोन इंच पुढे येऊन खाली वळलेली असेल. नाहीतर वरच्या अख्ख्या भिंतीचं पाणी नेमकं कोरड्या चिऱ्यावर सोडाल.

वरचा मजला विटांचा, त्यामुळे चिऱ्याची शंका बरीचशी मिटली. तरी फ्लॅशिंगसाठी चिऱ्यात दोन-चार ठिकाणी भोकं पडतीलच. चिरा भुसभुशीत असतो, हॅमर चालू ठेवून ड्रिल मारलं तर भोक मोठं होतं आणि साधा गिट्टा फिरत राहतो. हॅमर बंद करायचा, नुसतं फिरवून भोक पाडायचं, आणि लांब नायलॉनचे फ्रेम फास्टनर वापरायचे, ८० ते १०० मिमीचे. सांध्यात नाही, चिऱ्याच्या पोटात. सुताराचं म्हणणं चुकीचं नाही, तो छोटे गिट्टे वापरत असणार.

चौकटीबद्दल. पत्रा उभ्या नळ्यांचा लावणार असाल तर पाईप आडवे येतात, आणि आडवा पाईप भिंतीला चिकटून बसला की त्याच्या डोक्यावर पाणी साठतं. म्हणून पाईप आणि भिंत यांच्यामध्ये २० मिमीचे ठोकळे किंवा ब्रॅकेट द्यायचे. आडव्या पट्ट्या लावणार असाल तर पाईप उभे, दोन फुटांच्या आत एकेक, तिथे पाणी आपोआप खाली जातं. लाकडी रिपा नकोत. आपल्याकडची वाळवी पोकळीतली रीप कुणाला कळू न देता खाऊन टाकते.

छपरावर स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारतात, भिंतीवर मात्र खोलगट भागात, पाईपला टेकलेल्या जागी. रबरी वॉशर चपटा होऊन बाहेर यावा इतका आवळू नये. कोपऱ्यांना आणि वरच्या कडेला स्क्रू दाट. वाऱ्याची ओढ तिथे सर्वात जास्त असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कामाला गेलो होतो, तेव्हा बघितलं, बरेच पत्रे कोपऱ्यातून सुटायला सुरुवात झालेले.

उंदीर: फट बंद करायची नाही, जाळी लावायची. खाली आणि वर, दोन्हीकडे भोकांची पट्टी किंवा बारीक स्टीलची जाळी. उंदरापेक्षा मला गांधीलमाशांची धास्ती जास्त. पोकळी त्यांना फार आवडते, आणि कळतं तेव्हा आपण शिडीवर असतो.

आवाज: छपराएवढा येत नाही, झड तिरकी लागते. पाईपांच्या आणि पत्र्याच्या मध्ये फोमची टेप लावली तर थरथर कमी होते. मागे विटांची भिंत आहेच. ताडपत्रीपेक्षा तरी आई शांत झोपतील.

खिडक्यांना वेळ द्या. माझ्या कामात निम्मा दिवस भिंतीचा आणि निम्मा खिडक्यांचा जातो. खिडकीच्या डोक्यावरची फ्लॅशिंग पत्र्याच्या मागे वर गेली पाहिजे आणि भिंतीत चर मारून त्यात अडकवली पाहिजे. नुसती पुढून सिलिकॉनने चिकटवली तर सिलिकॉन दोन पावसाळ्यांत सुटतं. आणि कोटेशन घेताना नुसता चौरस फुटाचा दर विचारू नका. चौकट, फ्लॅशिंग, स्क्रू, परांची धरून विचारा. स्वस्त कोटेशनमध्ये नेमक्या फ्लॅशिंग गायब असतात.

वडगावशेरीकर

धाग्यापासून थोडं बाजूला, पण इमारतीत राहणाऱ्यांसाठी: पोकळीचा एक धोका कुणी लिहिला नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, २४ मजली इमारत, ७२ माणसं गेली. बाहेरच्या ॲल्युमिनियम पॅनेलच्या पोटात पॉलिथिलीन होतं, आणि आग क्लॅडिंगमागच्या पोकळीतूनही मजल्यामागून मजला वर चढली. आमच्या सोसायटीत एसीपीचा (अशाच ॲल्युमिनियम पॅनेलचा) विषय आला तेव्हा मी पॅनेलच्या पोटातला माल आग सोसणारा असल्याचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक मजल्याला पोकळीत आग अडवणारी पट्टी मागितली, तर विक्रेत्याने विषयच बदलला.

चौकट-बिजागरी

रास्त मुद्दा. एकमजली घराला पत्रा आणि विटांची भिंत असेल तर जळायला काही नाही. पण प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावणाऱ्यांनी मीटर, इन्व्हर्टरच्या वायरी आणि गॅसगीझरचा धुराडा त्यापासून दूर ठेवावा. उंच इमारतींची कामं मी करत नाही, तिथे अग्निशमनवाल्यांचं ऐका.

डोंबिवलीचा देवरुखकर

ठरलं. वरचा मजला, गॅल्व्हॅल्यूम पत्रा, पाईपाच्या मागे ठोकळे, दोन्हीकडे जाळी. २८ गुणिले १० म्हणजे २८० चौरस फूट, त्यातून खिडक्या वजा. पहिल्याला "नको" असं कळवलं. दुसऱ्याला नवीन यादी पाठवली, तर म्हणाला, "फ्लॅशिंगचे वेगळे पडतील." म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच! काम दिवाळीनंतर लगेच काढू का?

चौकट-बिजागरी

नको. स्विचबोर्डाची भिंत आहे, आधी वायरमन बोलावून ती लाईन बंद करून तपासून घ्या, ते मात्र आजच. मग आतले पोपडे खरवडून टाका, कपाट भिंतीपासून हात-दीड हात पुढे ओढा, खिडक्या उघड्या ठेवा आणि भिंतीला थंडीभर वाळू द्या. आतून नवीन रंग इतक्यात नको. बाहेर भेगांची डागडुजी जानेवारीत, चौकट फेब्रुवारीअखेर, पत्रा मार्चमध्ये. मे महिन्यात कुणीच सापडत नाही, तेव्हा सगळा जिल्हा एकदम छपरावर चढलेला असतो. माप मात्र आत्ताच द्या. पत्रा लागेल त्या लांबीचा कारखान्यातून कापून मिळतो, १० फुटांत आडवा सांधा यायचं कारणच नाही. आणि दुसऱ्याला फ्लॅशिंगचा नमुना हाताने काढून कागदावर द्या, प्रत्येक वळणाला माप घालून. तोंडी सांगितलेली फ्लॅशिंग नेहमी एक वळण कमी घेऊन येते.